बकरीले अंगठा नसते

९ जानेवारी २०२४

आला! अहवाल आला! अकरा पानं, सगळी इंग्रजीत. तृप्तीनं मोबाइलवर पाठवला अन् मागोमाग फोन — "मोठे बाबा, घाबरू नका. अर्ज नाकारला नाही. आक्षेप घेतले आहेत. सहा महिन्यांत उत्तर द्यायचं."

मी म्हटलं, "घाबरून कोण राहिलं?" अन् फोन ठेवून ओसरीतल्या खुर्चीत बसलो, अन् 'नाकारला नाई, नाकारला नाई' असं दहादा म्हटलं. हे फक्त या वहीले सांगतो.

तृप्ती माह्या लहान भावाची पोट्टी. नागपूरले पेटंटचं काम करते. तिनंच माह्या बटनाचा अर्ज भरला. गाडीच्या काचेचं बटन. दारावर असते ना, इकडून दाबलं की काच वर, तिकडून दाबलं की खाली — तेच. माह्या बटनात फरक एवढाच, की नुसतं दाबलं तं काच खालीच जाते. कोपरानं दाबा, गुडघ्यानं दाबा, डोस्क्यानं दाबा — खाली! वर न्यायची असंल तं बटन दोन्ही बाजूनं चिमटीत धरा लागते. म्हणजे चुकून कोणाचं बोट, कोणाचा गळा काचेत सापडतच नाई.

दीड वर्ष झालं अर्ज करून. तेव्हापासून अड्याळच्या स्टँडवर सगळे मले 'पेटंट'च म्हणतात. "ओ पेटंट, चहा घेता का?" आता हा अर्ज पडला तं नाव तेच राहीन, फक्त हसून म्हणतीन. मरेपर्यंत!

१० जानेवारी

तृप्तीनं फोनवर तासभर समजावून सांगतलं. पेटंट ऑफिसातल्या तपासणाऱ्या साहेबानं दोन जुने कागद शोधून काढले. एक जपानचा — त्याच्यात काच वर न्यायले बटन बोटानं वर ओढा लागते. दुसरा जर्मनीचा — मिक्सरचं झाकण, दोन्ही बाजूनं दाबल्याशिवाय उघडत नाई. साहेब म्हणते, हे दोन जोडले की झालं यादोराव रामटेकेचं, म्हणजे माहं, बटन. अन् हे जोडणं 'या कलेत निपुण असलेल्या व्यक्तीला' सहज सुचलं असतं.

मी म्हटलं, "कोण आहे हा माणूस? राहते कोठी?"

"कोणी नाही, मोठे बाबा. काल्पनिक आहे. कायद्यानं मानलेला. त्यानं सगळं वाचलेलं असतं, त्याला सगळं काम येतं, पण नवीन असं काही त्याच्या डोक्यात येत नाही."

मी म्हटलं, असा एक माणूस माह्या ओळखीचा आहे. मारोतराव गॅरेजवाला!

११ जानेवारी

जन्मलाच नाई त्या माणसाले सुचलं असतं म्हणे! त्याच्या गाडीत कधी बकरी बसली होती का?

१४ जानेवारी

बकरीची गोठ एकदा नीट लिहून ठेवतो. पुढं पेटंट ऑफिसच्या सुनावणीत विचारलं तं पाठ पाहिजे.

अडीच वर्षांपूर्वी पवनीच्या बाजारातून बायकोसाठी, मालनसाठी, बकरी आणली. चांदी तिचं नाव. गाडीत मागच्या सीटवर बसवली, काच अर्धी उघडी, तिनं तोंड बाहेर काढलेलं — मस्त हवा खाऊन राहिली होती महाराणी! कोंढ्याच्या पुढं रस्त्यात खड्डा आला, तिचा खूर बटनावर पडला अन् काच वर जाऊ लागली. बकरी में में करते, मालन ओरडते, मी ब्रेक मारतो! वेळेवर काच खाली केली म्हणून बचावली. दाढीचे चार केस तेवढे काचेत राहिले.

घरी आल्यावर मी विचार केला — बकरीले अंगठा नसते. कोपराले नसते, गुडघ्याले नसते. बटन चिमटीत धरायचं केलं तं हे सगळे बाद! इथूनच शोध लागला. मंग आठ महिने स्प्रिंगा घासल्या, पत्रे कापले, तीन बटनं जाळली, चौथं बसलं. अडतीस वर्षं एसटीच्या डेपोत मेकॅनिक होतो, उगाच नाई! भिंतीवर १९९९ चं प्रशस्तिपत्र टांगलं आहे. बसच्या काचा खडखड वाजायच्या, मी काचेच्या खाचेत सायकलच्या ट्यूबची पट्टी बसवली — आवाज बंद. मोठ्या साहेबानं सगळ्यायसमोर हात मिळवला होता.

हे सगळं मी मोठ्यानं वाचून पाह्यलं. मालन तिथंच तांदूळ निवडून राहिली होती. एक खडा काढला अन् अंगणात फेकला.

२२ जानेवारी

सुचलं! तृप्तीले फोन लावला. म्हटलं, सरकारचा निपुण माणूस काल्पनिक आहे ना? मी खरे आणतो. या जिल्ह्यातले चांगले चांगले गाडीवाले मिस्त्री गाठतो, त्यायले फक्त अडचण सांगतो, उत्तर सांगत नाई. कोणाले सुचते का पाहू. नाई सुचलं तं तसं शपथपत्रावर लिहून घेतो — 'मी निपुण आहे अन् मला हे सुचले नाही.' मंग बोला म्हणा!

तृप्ती इतकी हसली की तिले ठसका लागला. "मोठे बाबा, असं कोणी करत नाही!"

"मंग हेबी नवीनच झालं ना!"

शेवटी म्हणे शपथपत्र द्यायले मनाई नाई, वजन किती द्यायचं ते सुनावणी घेणाऱ्या मॅडम ठरवतीन. झालं तं मंग.

२८ जानेवारी

मुहूर्त मारोतरावापासून. स्टँडमागं त्याचं गॅरेज, वीस वर्षांपासून माह्याशी खुन्नस. सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत बसला होता.

मी म्हटलं, "मारोतराव, एक अडचण आहे. बसणाऱ्याचं कोपर चुकून बटनावर पडते अन् काच वर जाते. कोपरानं वर गेली नाई पाहिजे, हातानं गेली पाहिजे. काय करशील?"

त्यानं डोळे मिटले. खर्रा तोंडात टाकला. मंग म्हणे, "वायर तोडतो."

"मंग हातानंबी जाणार नाई ना बापा!"

"कोपरानं तं नाई जात! झालं का नाई काम?"

अर्धा तास दिला. म्हणे टेप लावतो, म्हणे खिळा ठोकतो, म्हणे बसणाऱ्याले सांग हात मांडीवर ठेव. मंग मी खिशातून माहं बटन काढून त्याच्या हातात देल्लं. उलटून पाह्यलं, पालटून पाह्यलं, चिमटीत धरून पाह्यलं. तोंड उतरलं त्याचं. मले अंदरून काय गुदगुल्या होऊन राहिल्या होत्या!

मंग म्हणते कसा — "हे तं मलेबी सुचलं असतं."

"सुचलं काहून नाई मंग?"

"तू इचारलंच आज!"

सही करा म्हटलं तं साफ नाई म्हणे. 'मला सुचले नाही' असं लिहून देऊन गावात तोंड कसं दाखवू म्हणते. बरोबर आहे. मीबी नसतं देल्लं.

३० जानेवारी

डोस्कं चालवलं. कागद तोच ठेवला, वाक्यं उलटी केली. पयल्या ओळीत मोठ्या अक्षरात — 'मी मारोतराव, राहणार अड्याळ, मोटारगाडीच्या विजेच्या कामात निपुण आहे असे शपथेवर सांगतो.' मंग खाली बारीक अक्षरात बाकीचं.

पयली ओळ त्यानं तीन वेळा वाचली. "हे सरकारकडं जाते का?"

"दिल्लीपर्यंत जाते!" मी फेकलं.

खाली वाचून झालं, नाक मुरडलं अन् सही ठोकली! वरून म्हणते एक झेरॉक्स मलेबी दे.

संध्याकाळी घरी सांगून राहिलो होतो तं मालन म्हणे, "मले नाई इचारत का ते कोपराचं?"

मी म्हटलं, "तू काय मेकॅनिक आहे?"

ती हसली. पेटीतून चिवडा काढला अन् माह्यासमोर ठेवला. तिची माहेरची लोखंडी पेटी, उघडतानी जराबी आवाज करत नाई. झाकणाच्या खाचेत रबराची पट्टी बसवलेली आहे. चिवडा कवा आणला तेबी समजलं नाई मले.

५ फेब्रुवारी

मारोतरावानं झेरॉक्स लॅमिनेट करून गॅरेजात टांगली. वरची ओळ दिसते. खालच्या ओळीवर कॅलेंडर लावलं आहे! लुच्चा.

११ फेब्रुवारी

भंडाऱ्यात चंद्रकुमारकडं गेलो. शोरूममधला पोट्टा, शिकलेला, कानात ते छोटं यंत्र. अडचण ऐकली अन् लगेच म्हणे, "काका, सेन्सर लावू. काचेवर कॅमेरा लावू. कॅमेरा पाहीन की कोपर आहे की हात."

म्हटलं, "बकरीचा खूर असला तं?"

"त्याचा डाटा टाका लागेल, काका. कमीत कमी हजार बकऱ्यायचे फोटो पाहिजे."

हजार बकऱ्या! इकडं दोन बोटायचं काम! बटन पाहून मात्र तो खूश झाला. माणूस चांगला आहे. हसत हसत सही केली अन् पयल्या ओळीखाली स्वतःच्या हातानं 'डिप्लोमा, प्रथम श्रेणी' असं जोडलं.

३ मार्च

आता नवीनच भानगड. गावात हवा झाली की यादोराव सरकारकडून 'निपुण' असल्याचा कागद मिळवून देते. आज सकाळी दारात भैय्याजी उभा! सायकलचे पंक्चर काढते तो.

"मलेबी एक द्या ना निपुण."

म्हटलं, "भैय्याजी, तुमी गाडीचं काम कोठी करता?"

"हवा तं भरतो ना गाडीत!"

त्याले अडचण सांगतली तं म्हणे, "काचच काढून टाका. आमच्या सायकलले कोठी काच आहे?" खरं सांगतो, आतापर्यंतच्या सगळ्या उत्तरात हेच मले पटलं! पण सही नाई घेतली. खोटा निपुण माह्या अर्जात चालणार नाई. मारोतराव चालते.

१९ मार्च

अकरा झाले. अड्याळ, पवनी, भंडारा, तुमसर, एक तं पार बपेऱ्याचा. अकरा निपुण, अन् एकालेबी सुचलं नाई. आंबागडचा एक म्हातारा मिस्त्री तेवढा जवळ आला होता — म्हणे बटनाले टोपण लावू, उघडून दाबायचं. पण टोपण ते टोपण, चिमटी ते चिमटी.

२ एप्रिल

तृप्तीचा फोन. उत्तर लिहून राहिली आहे. सहज विचारलं, "मोठे बाबा, ही चिमटीची कल्पना तुम्हाला नेमकी कशी सुचली? मॅडम विचारू शकतात. अर्जात तुम्ही 'खरा व पहिला शोधक' म्हणून सही केली आहे."

मी पाठ केलेलं म्हणून दाखवलं. बकरी, खड्डा, दाढीचे केस, अंगठा. पोट्टी खूश झाली. म्हणे, "बकरीला अंगठा नसतो — हे वाक्य तर भारीच आहे! तुमचंच ना?"

नेटवर्क गेल्यासारखं करून मी फोन कापला.

३ एप्रिल

आज काई लिहीत नाई.

२ जुलै

उत्तर गेलं. सत्तावीस पानं अन् अकरा निपुण. तृप्ती म्हणे आता सुनावणीची वाट पाहा. स्टँडवर सगळ्यायले चहा पाजला. मारोतरावानं दोन पेले प्यायले.

१४ जुलै

धानाची रोवणी सुरू आहे. बोडीच्या तळ्याखालच्या आपल्या दोन बांध्या. मालन अन् बाया वाकून ओळीनं रोवून राहिल्या होत्या, मी धुऱ्यावरून पऱ्ह्याच्या, म्हणजे धानाच्या रोपायच्या, पेंड्या फेकून राहिलो होतो. मालननं पेंडीतून चार काड्या काढल्या, अंगठा अन् दोन बोटायच्या चिमटीत धरल्या अन् चिखलात टोचल्या. पुन्हा चार. पुन्हा चार. पस्तीस वर्षांपासून पाहून राहिलो तिची ती चिमटी.

लिहूनच टाकतो आता. ही वही कोण वाचते?

बकरी आणली त्या दिवशी मी कसलाच विचार केला नव्हता. मी जेवायले बसलो होतो अन् बकरीले शिव्या देऊन राहिलो होतो. मालननं चुलीवरच्या लाखोळीच्या वरणात मीठ टाकलं, अन् चिमटी तशीच माह्यासमोर धरून म्हणे — "अवो, तुमचं ते बटन असं धरायचं असतं तं चांदीले जमलं नसतं. बकरीले अंगठा नसते."

बस. एवढंच. ती वरण ढवळायले लागली, अन् माहा घास हातातच राहिला.

आठ महिने स्प्रिंगा मीच घासल्या, हे खरं आहे. पण अर्जात शोधकाच्या रकान्यात एकच नाव लिहिलं. माहं. तृप्तीनं विचारलं होतं, "अजून कोणी?" मी म्हटलं, "कोणी नाई." मालन बाजूलेच उभी होती. तिनं आमच्यासाठी चहा आणला होता.

लाज वाटते. अकरा जणायले विचारत फिरलो की तुले सुचलं का, तुले सुचलं का. जिले सुचलं तिले म्हटलं, तू काय मेकॅनिक आहे!

१६ जुलै

तृप्तीले फोन करून सगळं सांगतलं. तिनं मंग असं झापलं, असं झापलं! डेपोतल्या साहेबानंबी कधी झापलं नव्हतं. "मोठे बाबा, शोधकाचं नाव खोटं असेल तर उद्या पेटंट मिळूनही कोणीही ते पाडू शकतो! अन् मोठी आई काय म्हणेल याचा विचार केला का?"

म्हटलं, "दुसऱ्या गोष्टीचाच विचार करून राहिलो."

आता नाव दुरुस्तीचा अर्ज द्या लागते. पयलं नाव मालनबाईचं, दुसरं माहं, काहून की बनवलं तं मीच. पण त्याच्यासाठी दोन-तीन कागदायवर मालनची सही पाहिजे. तिनं नाई म्हटलं तं सगळं संपलं.

म्हणजे अकरा पानी अहवाल परवडला, आता हे!

१८ जुलै

आज दुपारी सांगतलं तिले. शब्द जुळवून ठेवले होते, एकबी आठवला नाई. "मालन, ते बकरीचं... अंगठ्याचं... ते तुहं होतं." एवढंच जमलं.

ती चिखलाचे पाय धूत होती. म्हणे, "मले माहीत आहे. मी वाट पाहून राहिली होती, तुमाले कवा आठवते ते."

मी कागद पुढं केले. तिनं पाह्यले. सातवी शिकलेली आहे, पण अशी बसली की मोठी साहेब! म्हणे, "तपासा लागंल."

"अगं तृप्तीनं तपासले आहेत."

"मी नाई ना तपासले. माहे आक्षेप आहेत."

अन् तिनं खरंच आक्षेप सांगतले! मी लिहून घेतले. बकरी तिची, अन् पूर्ण अर्जात बकरीचं नाव कोठीच नाई. स्टँडवर दोन वर्षं चहा पिला तो कोणाच्या अकलेवर, त्याचा खुलासा करावा. अन् 'तू काय मेकॅनिक आहे' हे वाक्य अर्जदारानं मारोतरावाच्या समोर मागं घ्यावं.

म्हटलं, "उत्तर द्यायले मुदत किती?"

"आठ दिवस."

सरकारनं सहा महिने देल्ले होते!

२१ जुलै

चांदीले बोडीवर चारायले मी नेऊन राहिलो तीन दिवसांपासून. रस्त्यात मारोतराव — "का बे पेटंट, बकरी चारून राहिला?" म्हटलं, सरकारी काम आहे.

२५ जुलै

मालनले घेऊन मारोतरावाच्या गॅरेजात गेलो. चार गिऱ्हाईक उभे होते. सगळ्यायसमोर सांगतलं — बटन हिले सुचलं, मी मेकॅनिक, पण डोस्कं हिचं. कान गरम झाले होते माहे.

वाटलं आता हा हसीन. महिनाभर पुरंल त्याले. पण मारोतरावानं उठून मालनले खुर्ची देल्ली अन् म्हणे, "वहिनी, मंग मी उगाच सही केली. मले वाटलं यादोरावाले सुचलं अन् मले नाई, म्हणून दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. तुमाले सुचलं तं काई हरकत नाई."

असा आहे तो!

२६ जुलै

सही केली. तिन्ही कागदायवर. मी म्हटलं, माहं नाव काढायचं का? तं म्हणे, "काहून? आठ महिने बोटं कापून घेतले तुमी, ते का मी पाह्यलं नाई?"

मी ओसरीत जाऊन बसलो. डोळ्यात काईतरी गेलं होतं.

१२ नोव्हेंबर

सुनावणी! नागपूरले तृप्तीच्या ऑफिसातून, कॉम्प्युटरवर. मालननं निळ्या काठाचं पांढरं लुगडं नेसलं होतं, विहारात कार्यक्रमाले नेसते ते. पडद्यावर मॅडम, चष्मेवाल्या, हिंदीत बोलत होत्या. पयले तृप्ती इंग्रजीत बोलली वीस मिनिटं. मंग मॅडमनं पानं उलटली — "ये ग्यारह लोग कौन हैं?"

तृप्तीनं मान खाली घातली. मीच बोललो, "मॅडम, ये सब निपुण हैं. किसीको नहीं सूझा."

मॅडमचा पडदा एकदम काळा झाला. म्हटलं, गेलं! दोन मिनिटानं परत आल्या तं चष्मा पुसून राहिल्या होत्या. आवाज मात्र सरकारीच. म्हणे, निपुण व्यक्ती कायद्यातली असते, अड्याळची नसते. ही शपथपत्रं बाजूला ठेवा.

मंग म्हणे, नाव दुरुस्तीचा अर्ज दिसतो. पहिल्या शोधक कोण? मालन पुढं सरकली. मॅडमनं विचारलं, कसं सुचलं? मालननं मिठाचं सांगतलं, सरळ, जसं झालं तसं.

मॅडम आता मराठीवर आल्या. म्हणे, "मग हे तर सोपंच झालं. चिमटीत मीठ तर घरोघरी धरतात. यात शोध कुठे आहे?"

तृप्तीचा चेहरा पांढरा पडला. सव्वादोन वर्षं, अकरा निपुण, सत्तावीस पानं — सगळं त्या मिठात!

मालन जराबी हलली नाई. आपल्या बोलीतच म्हणे, "हाव ना मॅडम. मीठ तं घरोघरी चिमटीत धरतात. जपानात धरतात, जर्मनीतबी धरत असतीन. मंग गाडीच्या काचेचं बटन अजूनपर्यंत कोणं काहून नाई धरलं?"

मॅडमनं मान खाली करून काईतरी लिहिलं. बराच वेळ लिहिलं. मंग म्हणे, "ठीक आहे. हेच मुद्द्याच्या रूपात लेखी द्या."

बाहेर आल्यावर तृप्ती मोठ्या आईच्या गळ्यात पडली. "मोठी आई, मी सत्तावीस पानांत जे म्हटलं ते तू एका वाक्यात म्हटलंस!" मालन म्हणे, भूक लागली. तर्रीपोहे खाल्ले तिघांनी. मालननं माह्या पोह्यावर मीठ टाकलं, चिमटीनं, मुद्दाम, माह्याकडं पाहत.

१३ नोव्हेंबर

चांदीनं तृप्तीचं व्हिजिटिंग कार्ड खाल्लं.

२१ जानेवारी २०२५

मिळालं!! मिळालं मिळालं मिळालं! तृप्तीचा सकाळी फोन. पेटंट मंजूर! आदेशात मॅडमनं लिहिलं आहे, की ही हाताची सवय सगळ्यायच्या डोळ्यासमोर असूनही या उपकरणात ती आधी कोणी वापरली नाई, म्हणून निपुण व्यक्तीला हे सहज सुचलं असतं असं म्हणता येत नाई. म्हणजे मालनचंच वाक्य, फक्त सरकारी कपडे घालून!

स्टँडवर गेलो तं कोणी मले हाकच मारली नाई. मी म्हटलं, "का बे, आज पेटंट म्हणत नाई?" मारोतराव म्हणे, "पेटंट घरी आहे. तू पेटंटचा घरवाला."

खरं सांगू का, बरं वाटलं.

२ फेब्रुवारी २०२५

पेटंटची फ्रेम आज भिंतीवर लावली. वर तिचं नाव, खाली माहं. मंग बाजूचं १९९९ चं प्रशस्तिपत्र उतरवलं अन् काच काढून माह्या नावाच्या वर पेनानं 'मालनबाई' लिहिलं. ती ट्यूबची पट्टी मी पयले बसमध्ये नाई बसवली. पयले तिच्या पेटीच्या झाकणात पाह्यली होती, लग्नाच्या पयल्या वर्षी.

मालन मागं येऊन उभी होती. वाचलं तिनं. म्हणे, "अजून दोन-तीन आहेत. पेन ठेवू नका."